तोंड उघड, तिशू

मुलांच्या दातांच्या दवाखान्यात बसलं की शेजारची बाई हमखास विचारते, "तुमच्या मुलीला पण कॅप बसवल्या?" मी हो म्हणते. मग दबक्या आवाजात पुढचा प्रश्न येतो, "घरी ब्रश करून घेते का हो?" आणि आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसतो. त्या हसण्यात फार काही आनंद नसतो.

कॅप बसवायचं काम डॉक्टरांचं. ते एका सकाळीत उरकतं. त्यानंतरचं काम घरच्यांचं, रोजचं आणि वर्षानुवर्षं चालणारं, आणि त्याबद्दल कुणी नीट सांगत नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. यात एक गोष्ट येणार आहे जी चारचौघांत बोलायची नसते. या आजारपणात मला भीतीपेक्षा जास्त छळलं ते हेव्यानं. तो वगळून लिहिलं तर बाकीचं सगळं खोटं वाटेल.

मी येण्याआधी

तिशूचं खरं नाव त्रिशला. माझं लग्न झालं तेव्हा ती साडेचार वर्षांची होती. तिची आई रूपा, म्हणजे ह्यांची पहिली बायको, साध्या वाटलेल्या तापानं गेली. तेव्हा तिशूला चालताही नीट येत नव्हतं. रूपाच्या थोरल्या बहिणीनं, सुवर्णाताईंनी, तिला कोल्हापूरजवळच्या आपल्या गावी, हुपरीला नेलं आणि स्वतःच्या पोरीसारखं वाढवलं. त्यांच्या घरातच चांदीच्या पैंजणांचं काम चालतं. पुढच्या खोलीत कारागीर बसतात, मागं स्वयंपाकघर. आई नसलेलं पोर म्हणून येणारा-जाणारा प्रत्येकजण तिच्या हातावर काहीतरी ठेवायचा. चॉकलेट, पेढा, काकवीत बुडवलेला चपातीचा तुकडा. रात्री रडायला लागली की साखर घातलेलं दूध बाटलीत भरून द्यायचं. बाटली तोंडात धरूनच ती झोपायची.

लग्नानंतर ती कोल्हापुरात शिवाजी पेठेत आमच्याकडं राहायला आली, तेव्हा बाटलीही बरोबर आली. पुढचे चार दात झिजून तपकिरी खुंट झाले होते. मी काही बोलायला गेले तर सासूबाई, ज्यांना घरात सगळे आव्वा म्हणतात, मला म्हणाल्या, "दुधाचं दात हायत गं. पडायचंच हायत की." बाटली बंद करूया, असं मी एकदा जेवताना म्हणून पाहिलं. कुणीच काही बोललं नाही. नवीन आलेली बाई, आणि आल्या आल्या पोरीचं दूध तोडते, असं ते गप्प बसणं होतं. मीही मग बाटली भरून देऊ लागले.

मला ती अक्का म्हणायची. माझं माहेर शिरोळकडं, तिकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. लग्नात माझ्या धाकट्या भावाच्या तोंडून तिनं ते ऐकलं आणि उचललं. मला ते बरं वाटलं, निदान काहीतरी म्हणते.

दर शनिवारी सुवर्णाताई हुपरीच्या बसनं यायच्या. बेल वाजली की तिशू अशी धावायची की मध्ये येईल ती खुर्ची पडायची. मी शाळेतून आणायला गेले की ती शांतपणे येऊन माझ्यापुढं दप्तर धरायची. तेवढंच. शनिवार आला की मला सकाळपासून काही सुचायचं नाही.

गाल

एका सोमवारी सकाळी ती उठली ती उजवा गाल फुगवूनच. सूज इतकी की डोळा अर्धा मिटलेला. अंग भाजत होतं. मुलांच्या डॉक्टरांनी तोंडात टॉर्च मारला आणि आम्हाला बसूही दिलं नाही. "मुलांच्या दातांच्या डॉक्टरांकडं जा. आत्ता. घरी जाऊ नका."

त्या डॉक्टर मॅडम वयानं लहान आणि बोलायला हळू होत्या. तपासून झाल्यावर हातमोजे काढत म्हणाल्या, "दाढेतला पू गालात पसरलाय. डोळ्याकडं सरकायच्या आत ॲडमिट करायला हवं."

"दातासाठी ॲडमिट?" मी विचारलं.

"दातासाठीच."

मग त्यांनी विचारलं, "रात्री दूध कशातनं देता?"

"बाटलीतनं," हे म्हणाले.

"कोण देतं?"

ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. ते मुद्दाम नव्हतं, मला ठाऊक आहे. पण त्या नजरेत डॉक्टरांना त्यांचं उत्तर मिळालं. माझ्या जिभेवर सगळं आलं होतं. हुपरी आली होती, पेढे आले होते, ते जेवताना गप्प बसणंही आलं होतं. मी म्हणाले, "मी देते." कारण त्या दिवशी ते खरंच होतं.

आई कोण?

वॉर्डात तिला सलाईन लावलं. हात हलू नये म्हणून पुठ्ठ्याच्या पट्टीवर ठेवून चिकटपट्टीनं बांधला. दुपारच्या आत सुवर्णाताई हजर. चप्पल दारात टाकून त्या सरळ कॉटवर चढून बसल्या आणि तिशूचं डोकं मांडीवर घेतलं. सकाळपासून माझ्याकडं पाठ करून पडलेली पोर त्यांच्या मांडीवर मोकळी होऊन रडली.

"काय झालं गं माझ्या सोन्याला," ताई म्हणत होत्या, "कुणी बघितलं न्हाय व्हय तुझ्याकडं?"

मी डबा उघडत होते. डबा उघडतच राहिले.

संध्याकाळी नर्स इंजेक्शन घेऊन आली. "पोरीला धरावं लागंल. आई कोण?"

ताई आणि मी एकदम उठलो. क्षणभर तिघी उभ्याच. नर्स आमच्याकडं आलटून पालटून बघायला लागली. ताई काही बसल्या नाहीत. मी बसले.

सूज उतरली. ताप गेला. डॉक्टर मॅडमनी सांगितलं की पू आटोक्यात आला तरी मूळ तसंच आहे, त्यामुळं काही दिवसांनी भूल देऊन सगळ्या तोंडाचं काम एकदम करायचं. पुढचे चार दात काढावे लागतील, बऱ्याचशा दाढा साफ करून त्यांच्यावर कॅप बसवाव्या लागतील. ज्यांच्या मुलांना हे करायचंय त्यांना एवढंच सांगते, भुलीच्या नावानं मीही गारठले होते. पण खुर्चीत धरून-बांधून, रडवून, दहा फेऱ्या मारण्यापेक्षा ते बरं होतं. आणि त्यातला सगळ्यात अवघड भाग भूल नव्हतीच. सकाळपासून पाणीही द्यायचं नसतं, ते अवघड होतं.

"अक्का, पाणी."

"आता न्हाय बाळा."

"थोडं."

"डॉक्टरनी न्हाय म्हटलंय."

"तू वाईट हायस."

ताई ओल्या रुमालानं तिचे ओठ पुसत होत्या. नाही म्हणायचं काम माझ्याकडं आणि ओठ पुसायचं त्यांच्याकडं. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआपच तसं झालं होतं.

ऑपरेशन थिएटरच्या दारात सांगितलं, भूल चढेपर्यंत एकच माणूस आत येऊ शकतं. कुणी विचारायच्या आधी तिशू म्हणाली, "मावशी."

ताईंनी बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या आणि हिरवा गाऊन चढवून आत गेल्या. मी बाहेर बाकावर. एका हातात त्यांच्या बांगड्या, दुसऱ्यात तिशूच्या इवल्या चपला. मनात एकच धोशा, सगळं नीट होऊ दे. आणि त्याच दमात दुसरं, की आत ती मास्क बघून ताईंच्या हातात रडू दे, ताईंनाही एकदा ढकलून देऊ दे. हे मी देवाच्या नावानं मागत होते. लिहायला लाज वाटते, पण त्या बाकावर मी हेच केलं.

काम नीट झालं. जाग आल्यावर तोंडात कापूस, ओठ सुजलेले, आणि पोर भेदरलेली. संध्याकाळी तिनं आरसा मागितला. पुढचे दात गेलेले बघून ती रडेल म्हणून आम्ही सगळे तयारीत होतो. तिनं जबडा वासला, मागच्या चकचकीत कॅप पाहिल्या आणि ताईंकडं वळून बोबड्या आवाजात विचारलं, "मावशी, हे तू केलंस व्हय?"

कॅप स्टीलच्या. पण हुपरीत वाढलेल्या पोरीला चमकणारं सगळं मावशीनंच घडवलेलं वाटायचं. सगळा वॉर्ड हसला. मीही हसले. आणि मला त्या कॅपचाही हेवा वाटला.

घरी आल्यावर

घरी सोडताना डॉक्टर मॅडमनी मला एकटीला थांबवलं. "कॅप बसली म्हणजे सुटलो असं समजू नका. कॅपच्या कडेला, हिरडीजवळ, पुन्हा कीड लागते. बाटली आजपासून बंद. गोड द्यायचंच तर जेवणाबरोबर, अधूनमधून नाही. सकाळी आणि झोपताना ब्रश, आणि तो तुम्ही करायचा. तिच्या हाताला अजून ते जमणार नाही. झोपताना ब्रश झाल्यावर पाणी सोडून काही नाही." मग त्यांनी दाखवलं. मूल आडवं, डोकं आपल्या मांडीवर, मागून वाकून तोंडात बघायचं, पेस्ट मटारच्या दाण्याएवढी. मी विचारलं, "ती नको म्हणाली तर?"

"म्हणेलच," मॅडम म्हणाल्या.

पहिल्या रात्री तिनं माझं बोट चावलं. दुसऱ्या रात्री ब्रश खिडकीतनं खाली टाकला. तिसऱ्या रात्री एवढं किंचाळली की खालच्या मजल्यावरच्या बाई विचारायला वर आल्या. बाटलीसाठी ती झोपेतनं उठून रडायची आणि मी पाण्याचा पेला पुढं करायची. आव्वा दारात उभ्या राहून म्हणायच्या, "दे की गं एक दिवस." हे आपलं दुकान बंद करून येताना खिशात पेढा आणायचे. चोरून देतात हे मला तिच्या तोंडाच्या वासावरनं कळायचं.

एका रात्री ती रडून झोपल्यावर हे म्हणाले, "आईविना पोर आहे. किती छळायचं?"

"आईविना?" मी म्हटलं. "मग मी कोण आहे या घरात?"

ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. मी खोलीत बसले, समोर रूपाचा फोटो. तोपर्यंत मी त्या फोटोला रोज हार घातला होता, मनापासून. त्या रात्री मला तिचा राग आला. फोटोतल्या बाईला कुणाला नाही म्हणावं लागत नाही. ती कायमची हसरी. ताईंना शनिवारपुरतं यायचं आणि लाड करून जायचं. ह्यांनी पेढा द्यायचा. आव्वांनी गोष्टी सांगायच्या. आणि माझ्या वाट्याला हे तोंड, घट्ट मिटलेलं.

गाडी सुटली

माझ्यासारख्या थकलेल्या बायांना सांगते, मारामारीनं हे होत नाही. मी करून पाहिलं. जे जमलं ते असं जमलं.

एका रात्री ती ओठ मिटून पडली होती आणि माझंही त्राण गेलं होतं. मी ब्रश हातात धरून नुसतंच म्हणाले, "कोल्हापूर–हुपरी, चला, कोल्हापूर–हुपरी, गाडी सुटायली."

तिचा एक डोळा उघडला. "हुपरीला?"

"दार उघडल्याशिवाय गाडी आत कशी जाणार?"

तोंड उघडलं. वरची डावी दाढ वाटेवरचं पहिलं गाव, उचगाव झाली. तिच्या पुढची मुडशिंगी. मग वसगडे, मग पट्टणकोडोली. उतारू उतरले, चढले, एका म्हातारीची कोंबडी सुटली. शेवटच्या दाढेवर हुपरी आली आणि मी थुंकायला सांगितलं तर म्हणाली, "आता परतीची गाडी."

त्या दिवसापासून रोज रात्री आणि रोज सकाळी मी तिला तिच्या मावशीच्या गावाला नेऊ लागले. ज्या गावाचं नाव मला घरात नको होतं, ते मीच दिवसातनं दोनदा कंडक्टरसारखं ओरडायचे. एकदा मी गाडी शिरोळला, माझ्या माहेराला, वळवून पाहिली. तिनं तोंड मिटलं. मग काय, पुन्हा हुपरी.

पण तोंड उघडत होतं. महिन्या-दोन महिन्यांत असं झालं की मी कामात असले तर तीच ब्रश घेऊन यायची आणि माझ्या मांडीवर डोकं टाकायची. बाटली तिनं कधी मागायची सोडली ते माझ्या लक्षातही आलं नाही. ह्यांनी आणलेला पेढा एकदा तिनं स्वतःहून फडताळात ठेवला, "उद्या जेवताना." त्यानंतर ह्यांच्या खिशात पेढा आला नाही.

हुपरीचा फोन

मे महिन्याच्या सुट्टीत ताईंनी तिला आठवडाभर न्यायचं ठरवलं. मी ब्रश, पेस्ट, सगळं पिशवीत दिलं आणि ताईंना दोनदा समजावलं. त्यांनी पिशवी घेतली. "कळतंय मला. पोरगी माझ्या हातात वाढलीया." बसच्या खिडकीतनं तिशूनं मला टाटा केला. मला दिसत होता तो तिच्या चेहऱ्यावरचा आनंद, आणि मला तो सोसवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी ताईंचा फोन आला. आवाज बसलेला.

"काय शिकवून ठेवलंयस गं तिला? माझ्याकडं तोंड उघडंना ती. अक्का करती तसं कर म्हणती. मला काय ठावं तू कसं करतीस?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"रात्री प्रेमानं दूध दिलं तर म्हणती, ब्रश झाला की दूध न्हाय. माझ्या हातातला पेला सारला बाजूला."

खरं सांगू? मला इतका आनंद झाला की मी भिंतीला टेकले. एवढे दिवस ज्याची वाट बघत होते ते मिळालं होतं. ताईंना तिनं ढकललं होतं.

मग पलीकडनं फक्त मागं कारागिरांची ठकठक.

"सरिता," त्या म्हणाल्या. मला त्या कधी नावानं हाक मारत नसत. "माझ्याच हातानं तिचं दात गेलं व्हय गं? मी दूध देत होते. रूपाची पोर रडू नये एवढंच बघत होते मी."

व्हय, असं म्हणायची केवढी इच्छा झाली होती मला. ते खरंही ठरलं असतं. पण मला तो हात आठवला, पुठ्ठ्यावर बांधलेला, आणि त्याच्याशेजारी रात्रभर कॉटच्या लोखंडाला टेकून बसलेल्या ताई. मी म्हटलं, "मी उद्या येते. दाखवते."

दुसऱ्या दिवशी मी हुपरीला गेले. कारागीर जेवायला गेले होते. पुढच्या खोलीत चटई टाकली, तिशूला ताईंच्या मांडीवर आडवं केलं आणि ताईंच्या हातात ब्रश देऊन माझा हात त्यांच्या हातावर ठेवला. चांदीचं काम करून त्यांची बोटं खरखरीत झालीत, पण हलकी आहेत. हिरडीच्या कडेनं कसं फिरवायचं ते त्यांना पटकन जमलं. तिशू खाली हसत होती. वरून आम्ही दोघी तिच्या तोंडात डोकावत होतो.

मला वाटलं होतं मला बरं वाटेल. नाही वाटलं. माझी ती जागा मी कुणाला तरी अर्धी देत होते. तरी हात काढला नाही. ताईंना जमलं तेव्हाच काढला.

निघताना ताईंनी मला दारापर्यंत सोडलं. "ऊस खाल्ला तर चालतंय व्हय गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "जेवण झाल्यावर, आणि वर चूळ भरायची." त्यांनी शाळेतल्या पोरीसारखी मान हलवली.

पांढरा कण

पावसाळा संपत आला होता. एका रविवारी सकाळी गॅलरीत उन्हात तिला मांडीवर घेऊन ब्रश करत होते, तेव्हा खाली, शेवटच्या कॅपच्याही मागं, हिरडी फुगलेली दिसली. माझ्या हातातला ब्रश थांबला. पुन्हा गाल, पुन्हा सलाईन, पुन्हा ते दार, सगळं एका क्षणात आलं. बोट लावलं तर ती म्हणाली, "दुखतंय थोडं."

मी कुणाला काही न सांगता दुसऱ्या दिवशी शाळेतनं तिला थेट दवाखान्यात नेलं. खुर्चीवर मॅडमनी दिवा ओढला, आरसा घातला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

"सूज नाही," त्या म्हणाल्या. "दाढ येतेय. पक्की दाढ. हे बघा, टोक दिसतंय."

मी वाकले. हिरडीतनं तांदळाच्या कणीएवढं पांढरं वर आलं होतं.

"ही दुधाची नाही," मॅडम म्हणाल्या, "ही पडायची नाही. आयुष्यभर राहणार. इतक्या मागं येते की आई-वडिलांच्या लक्षातच येत नाही. बहुतेक पोरांना कीड लागल्यावरच कळतं. तुम्ही रोज बघता म्हणून दिसली."

बाकीच्या कॅप त्यांनी तपासल्या. कडा स्वच्छ होत्या. नवी कीड कुठंच नव्हती. "हिलाही असंच सांभाळा," त्या म्हणाल्या.

बाहेर येऊन रिक्षात बसलो. तिशू जिभेनं मागं चाचपत होती. मी तिच्या गालाकडं बघत होते. तिच्या तोंडातला प्रत्येक दात मी यायच्या आधीचा. पहिला दात रूपानं पाहिला असेल. नंतरच्या दाढा ताईंच्या बोटाला लागल्या असतील. त्यातले काही गेले, काहींवर कॅप आल्या, आणि त्या सगळ्यांच्या आठवणी दुसऱ्यांच्या होत्या. ही एकच अशी आली की जी कुणीच माझ्याआधी पाहिली नव्हती.

"अक्का," तिशू म्हणाली, "मावशीला फोन लाव. मला मोठी दाढ आली सांग."

"सांगू या."

"आत्ता लाव."

"उद्या लावू."

"आज का न्हाय?"

मी तिला जवळ ओढलं. "आज राहू दे," मी म्हटलं.